बालमानसिक आरोग्याचे संशोधक आणि एनआयडब्ल्यू: फाइल नेमकी अडते कुठे

एनआयडब्ल्यू म्हणजे नॅशनल इंटरेस्ट वेव्हर: आपलं काम अमेरिकेच्या हिताचं आहे असं दाखवून, मालकाच्या नोकरीच्या प्रस्तावाशिवाय ग्रीन कार्डासाठी स्वतःच अर्ज करण्याची सोय. बालमानसिक आरोग्यातल्या संशोधकांच्या बहुतेक एनआयडब्ल्यू फाइली एकसारख्याच सुरू होतात. अमेरिकेतली मुलं किती अस्वस्थ आहेत, आत्महत्येचे विचार किती मुलांच्या मनात येतात, बालमानसोपचारतज्ज्ञ किती अपुरे आहेत, यावर पहिली दहा-बारा पानं खर्ची पडतात. यूएससीआयएसचा (अमेरिकी इमिग्रेशन खात्याचा) अधिकारी ती वाचतो आणि सगळं मान्य करून टाकतो. मग आरएफई, म्हणजे आणखी पुरावे मागणारी नोटीस, येते. क्षेत्र महत्त्वाचं आहे याबद्दल वाद नाही, पण तुम्ही जे करणार आहात त्याचं राष्ट्रीय महत्त्व दिसत नाही, असा तिचा सूर असतो.

खरी मेख इथेच आहे. विषयाचं महत्त्व आणि तुमच्या कामाचं महत्त्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपला विषय इतका हळवा आहे की हा फरक लिहिताना हमखास विसरला जातो. हायपरसॉनिक इंजिनांवर काम करणाऱ्याला आपलं काम समजावून सांगावंच लागतं. मुलांच्या नैराश्यावर काम करणाऱ्याला वाटतं, यात समजवायचं काय?

हायपरसॉनिकचं उदाहरण सहज घेतलेलं नाही. एनआयडब्ल्यूचे आजचे निकष ज्या निर्णयातून आले, तो 'मॅटर ऑफ धनसार' डिसेंबर २०१६ मधला. तो अर्जदार हायपरसॉनिक प्रणोदनावर संशोधन करणारा अभियंता होता आणि विद्यापीठात शिकवतही होता. अपील कार्यालयानं त्याचं संशोधन राष्ट्रीय महत्त्वाचं मानलं. शिकवण्याचं काम मोलाचं आहे, पण त्याचा परिणाम वर्गाबाहेर सबंध क्षेत्रावर कसा होणार हे सिद्ध झालेलं नाही, असं म्हणून ते बाजूला ठेवलं. आपल्या क्षेत्रात हा धडा जसाच्या तसा लागू होतो. आठवड्याला पंचवीस मुलं तपासणं, रेसिडेंटांना (प्रशिक्षणार्थी डॉक्टरांना) शिकवणं, शाळेत समुपदेशन करणं या सगळ्याला मोल आहे, पण अधिकाऱ्याच्या लेखी तो परिणाम तुमच्या दवाखान्यापुरता आणि तुमच्या शाळेपुरता. क्लिनिकल काम फाइलमध्ये लपवायचं कारण नाही. प्रस्तावित काम म्हणून मात्र ते पुढे करू नका. केलंत तर परवाना कुठल्या राज्याचा, कधी मिळणार, हे प्रश्न फुकटचे मागे लागतात.

धनसारचे निकष तीन. काम मोलाचं आणि राष्ट्रीय महत्त्वाचं असावं. ते पुढे नेण्याच्या स्थितीत तुम्ही असावं. आणि नोकरीचा प्रस्ताव व लेबर सर्टिफिकेशन (त्या जागेसाठी अमेरिकी कामगार मिळत नाही, असा कामगार खात्याचा दाखला) यांची अट तुमच्यासाठी माफ करणं एकंदरीत अमेरिकेच्या फायद्याचं असावं. या तिन्हींच्या आधी एक पायरी आहे, जी लोक गृहीत धरतात: ईबी-२ ची, म्हणजे एनआयडब्ल्यू ज्या ग्रीन कार्ड वर्गात मोडते त्याची, मूळ पात्रता. जानेवारी २०२५ मध्ये यूएससीआयएसनं धोरण-पुस्तिका सुधारली, तेव्हापासून तुमची पदवी आणि तुम्ही जो व्यवसाय करणार तो, यांचा सांधा जुळतो का हे जास्त बारकाईनं पाहिलं जातं. पीएचडी विकासात्मक मानसशास्त्रातली आणि अर्जात व्यवसाय 'डेटा सायंटिस्ट', असं असेल तर तो सांधा तुम्हालाच लिहून दाखवावा लागतो.

अर्जात लिहायचा व्यवसायाचा सरकारी कोड निवडतानाही असंच होतं. १९-३०३३ हा क्लिनिकल आणि समुपदेशन मानसशास्त्रज्ञांचा कोड टाकला की परवाना आलाच. परवाना नसलेल्या संशोधकानं तिकडे जाऊ नये. कामाच्या स्वरूपानुसार १९-१०४२ (वैद्यकीय शास्त्रज्ञ), १९-१०४१ (साथरोगशास्त्रज्ञ) किंवा १९-३०३९ (इतर मानसशास्त्रज्ञ) यांतला एक बहुधा बसतो. स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) क्षेत्रातल्या प्रगत पदवीला धोरण-पुस्तिकेत अनुकूल वजन आहे. होमलँड सिक्युरिटीच्या स्टेम यादीत मानसशास्त्रातली ४२.२७ ही संशोधन-मालिका आहे आणि तिच्यात ४२.२७०३, म्हणजे विकासात्मक व बाल मानसशास्त्र येतं. क्लिनिकल मानसशास्त्र त्या मालिकेत येत नाही. तुमच्या विद्यापीठानं पदवीला कुठला कोड दिलाय ते रजिस्ट्रारकडून लेखी घ्या. आय-२० वर (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठानं दिलेल्या फॉर्मवर) आलेले विद्यार्थी असाल तर तो तिथेच छापलेला सापडेल.

प्रस्तावित काम कसं लिहायचं

फाइलीतली सगळ्यात महत्त्वाची दोन-तीन पानं हीच. फाइलींत नेहमी दिसणारं वाक्य असं असतं: 'मी मुलांमधल्या चिंता आणि नैराश्यावर संशोधन करत राहीन आणि अमेरिकेतल्या मुलांचं मानसिक आरोग्य सुधारायला हातभार लावीन.' हे वाक्य क्षेत्रातला कुणीही लिहू शकतो, म्हणून ते निरुपयोगी. त्याऐवजी असं काहीतरी हवं: 'बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात १२ ते १७ वयाच्या ज्या मुलांची नैराश्याची चाचणी सकारात्मक येते, त्यांतली अनेक मुलं उपचारापर्यंत पोचत नाहीत. चाचणीनंतरच्या पहिल्या महिन्यात दवाखान्यातल्याच परिचारिकेनं राबवायची चार सत्रांची पद्धत मी विकसित केली आहे. पुढच्या पाच वर्षांत तिची बहुकेंद्री चाचणी, राबवण्याची पुस्तिका आणि खुलं प्रशिक्षण साहित्य तयार करणार आहे.' वयोगट, ठिकाण, कोण राबवणार, हातात काय येणार आणि ते तुमच्याविना दुसरीकडे कसं पोचणार, हे सगळं त्यात आलं. यातला शेवटचा भाग सर्वांत मोलाचा. राष्ट्रीय महत्त्व म्हणजे पन्नास राज्यांत काम करणं नव्हे. एका जिल्ह्यात केलेलं काम इतरांना उचलता येईल अशा रूपात बाहेर पडतं का, हा खरा प्रश्न आहे.

इथे घाई करू नका, कारण हे नंतर बदलता येत नाही. आरएफईच्या उत्तरात नवंच काम मांडलं तर तो अर्जातला मूलभूत बदल मानला जातो आणि तेवढ्यावर नकार येऊ शकतो. तपशील वाढवता येतो, दिशा बदलता येत नाही.

यानंतर सरकारी पुरावे. त्यांचा ढीग रचण्यापेक्षा साखळी जोडा. वरच्याच उदाहरणाची साखळी अशी होईल: यूएस प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सनं ऑक्टोबर २०२२ मध्ये १२ ते १८ वयोगटासाठी नैराश्याच्या आणि ८ ते १८ वयोगटासाठी चिंताविकाराच्या चाचणीची 'बी' दर्जाची शिफारस केली. म्हणजे चाचणी करा असं राष्ट्रीय धोरण सांगतं. चाचणीनंतर पुढे काय, ही पोकळी साहित्यात नोंदलेली आहे. तुमचं काम त्या पोकळीत बसतं. एवढ्या तीन दुव्यांचं वजन दहा पानी आकडेवारीहून जास्त.

आकडे द्यायचेच तर ताजे द्या. सीडीसीच्या (अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या) शालेय सर्वेक्षणात सतत उदास किंवा हताश वाटणाऱ्या हायस्कूल विद्यार्थ्यांचं प्रमाण २०२१ मध्ये ४२ टक्के होतं, २०२३ मध्ये ४० टक्के. मुलींमध्ये ते ५७ वरून ५३ वर आलं. आजही २०२१ चाच आकडा लिहिणारी फाइल, जुनं पत्र नवीन तारीख घालून पाठवल्यासारखी दिसते. बालरोगतज्ज्ञ, बालमानसोपचारतज्ज्ञ आणि बाल रुग्णालयं यांच्या राष्ट्रीय संघटनांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर केलेली आणीबाणी, सर्जन जनरलची डिसेंबर २०२१ ची सूचना आणि मे २०२३ ची समाजमाध्यमांविषयीची सूचना अजूनही उपयोगी आहेत, पण पार्श्वभूमी म्हणून. एकेक परिच्छेद पुरे.

धोरणाचा वारा फिरतो, तेही पाहावं लागतं. जून २०२२ च्या बायपार्टिझन सेफर कम्युनिटीज कायद्यातून शाळांमधल्या मानसिक आरोग्यासाठी मोठा निधी आला आणि कित्येक फाइलींचा तो कणा झाला. एप्रिल २०२५ मध्ये शिक्षण विभागानं त्यातली अनुदानं पुढे चालू न ठेवण्याचा निर्णय घेतला. त्या निधीवर तुमचा आराखडा उभा असेल तर तो पुन्हा लिहा. दुसऱ्या बाजूला, फेब्रुवारी २०२५ च्या कार्यकारी आदेशानं मुलांच्या दीर्घकालीन आजारांवर आयोग नेमला आणि त्यात मानसिक आरोग्यही येतं. सध्याच्या प्रशासनाचं लक्ष या विषयाकडे आहे हे दाखवायला आदेशाची प्रत जोडणं ठीक. पण आयोगाचा मे २०२५ चा अहवाल जोडण्याआधी तो पूर्ण वाचा. मुलांना औषधं अतिरेकी दिली जातात, हा त्याचा एक मुख्य सूर आहे. तुमचं संशोधन नैराश्यविरोधी औषधांच्या चाचणीवर असेल तर तुम्हीच जोडलेला पुरावा तुमच्यावर उलटेल. शिवाय त्या अहवालातले काही संदर्भ अस्तित्वातच नसलेल्या शोधनिबंधांचे निघाले आणि नंतर दुरुस्त्या झाल्या. तिथून एकही संदर्भ उचलू नका.

तुम्ही ते करू शकता, याचा पुरावा

उद्धरणांच्या (इतरांनी आपल्या निबंधाचा संदर्भ घेण्याच्या) संख्येवरून या क्षेत्रातली माणसं विनाकारण धसका घेतात. मानसशास्त्र आणि बालमानसोपचार यांत उद्धरणं जैववैद्यक शाखांपेक्षा सावकाश जमतात. २५० उद्धरणं रेण्वीय जीवशास्त्रात नजरेत भरणार नाहीत, इथे ती चांगली असू शकतात. पण हे अधिकाऱ्याला आपोआप कळत नाही. क्लॅरिव्हेटच्या इसेन्शियल सायन्स इंडिकेटर्समध्ये 'मानसोपचार/मानसशास्त्र' असा स्वतंत्र गट आहे आणि त्यात प्रकाशन-वर्षानुसार टक्केवारीच्या सीमा मिळतात. तुमचा २०२१ चा निबंध त्या वर्षाच्या कुठल्या टक्केवारीत बसतो, हे प्रत्येक निबंधासाठी तक्त्यात दाखवा. सगळी वर्षं एकत्र करून सरासरी काढू नका.

मोठ्या संघ-प्रकल्पांचा वेगळाच पेच असतो. मुलांच्या मेंदूच्या वाढीचा माग घेणाऱ्या एबीसीडी अभ्यासात सुमारे ११,८८० मुलं आणि २१ केंद्रं आहेत. त्यातून निघालेल्या निबंधांवर कधीकधी लेखकांची रांग असते. नाव सतराव्या क्रमांकावर असेल तर 'मी एबीसीडीचा संशोधक' म्हणण्याला अर्थ उरत नाही. कुठलं विश्लेषण तुमचं, कुठली मापनपद्धत तुम्ही बसवली, कोड कुणी लिहिला, हे प्रमुख संशोधकाच्या पत्रातून यावं लागतं. एनआयएचच्या (अमेरिकी सरकारच्या आरोग्य-संशोधन संस्थेच्या) रिपोर्टर या संकेतस्थळावर प्रमुख संशोधकाचंच नाव दिसतं, पीएचडीनंतर तात्पुरत्या नेमणुकीवर असलेल्या पोस्टडॉकचं नाही. त्यामुळे अनुदानाचं पान नुसतं छापून जोडलं तर अधिकारी तुमचं नाव शोधत बसतो आणि त्याला ते सापडत नाही.

आता या क्षेत्रातला सर्वांत दमदार पुरावा, आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित: वापर. तुम्ही तयार केलेली किंवा प्रमाणित केलेली प्रश्नावली वापरण्याची परवानगी मागणारे मेल. उपचार-पुस्तिकेचं दुसऱ्या भाषेत झालेलं भाषांतर. तुमच्या पद्धतीचं प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांची संख्या, तारखा, कार्यक्रमपत्रिका. तुमच्या निबंधाचा आधार घेणारी मार्गदर्शक तत्त्वं किंवा मेटा-ॲनालिसिस, आणि त्यातही तो परिच्छेद जिथे तुमचा निष्कर्ष खरोखर वापरलाय, नुसता कंसात टाकलेला नाही. २०१८ च्या फॅमिली फर्स्ट कायद्याखालच्या टायटल फोर-ई क्लिअरिंगहाउसमध्ये (पुराव्यानुसार कार्यक्रमांना मानांकन देणाऱ्या यादीत) किंवा कॅलिफोर्नियाच्या पुराव्याधारित कार्यक्रमांच्या क्लिअरिंगहाउसमध्ये तुमच्या कार्यक्रमाला मानांकन मिळालं असेल तर ते पान फाइलीत पुढे हवं. टायटल फोर-ईच्या मानांकनावर राज्यांना केंद्राचा निधी मिळणं अवलंबून असतं, हे एका वाक्यात सांगा. अधिकारी मानसशास्त्रज्ञ नसतो. पैसा कुठून कुठे जातो हे त्याला पटकन कळतं.

परवानगी मागणारे मेल जपून ठेवण्याची सवय आधीपासून हवी. विद्यापीठ सोडलं की जुना मेलबॉक्स बंद होतो आणि पाच वर्षांचा पुरावा त्याच्याबरोबर जातो.

काय जोडू नये हेही सांगायला हवं. पालकांची आभारपत्रं, मुलांनी काढलेली चित्रं, प्रकरणांचे तपशील. नावं खोडली तरी ओळख पटू शकते, एथिक्स समितीच्या मंजुरीचा आणि रुग्णगोपनीयतेचा प्रश्न उभा राहतो, आणि राष्ट्रीय महत्त्वाच्या दृष्टीनं त्यांचं वजन शून्य.

पुढच्या तीन ते पाच वर्षांचा आराखडा लिहिताना निधीच्या रकान्यात एक चूक वारंवार होते. 'के-२३ साठी अर्ज करणार' असं सहज लिहिलं जातं. के-२३, के-०८, के-०१, टी-३२, एफ-३१ या एनआयएचच्या प्रशिक्षण आणि करिअर अनुदानांना, ती मिळण्याच्या वेळी, नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. भारतात जन्मलेल्या अर्जदाराच्या हातात ते तोपर्यंत असण्याची शक्यता जवळपास नाही. म्हणजे आराखडा स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतो. के-९९/आर-०० ला ती अट नाही. आर-२१ आणि आर-०१ संस्थेला मिळतात, प्रमुख संशोधकाच्या नागरिकत्वाचा अडसर येत नाही. ही नावं लिहा, खाजगी प्रतिष्ठानांची जोड द्या. २०२५ मध्ये एनआयएचची बरीच अनुदानं मध्येच थांबवली गेली. तुमचं त्यात असेल तर ते दडवू नका, काम कुठल्या दुसऱ्या निधीवर चाललंय ते दाखवा. पात्रता अर्ज भरतानाही हवी आणि निर्णयापर्यंत टिकायलाही हवी. अर्जानंतर छापून आलेला निबंध मूळ पात्रतेची उणीव भरून काढत नाही.

शिफारसपत्रांची ठरावीक संख्या नियमात नाही. पाच ते सात पुरतात. दोन सोबत काम केलेल्यांची, उरलेली ज्यांनी तुमच्याबरोबर कधी काम केलं नाही अशांची. पत्रात विशेषणं नकोत. 'त्यांचा २०२० चा निबंध वाचून आम्ही आमच्या केंद्रात चाचणीचा कट-ऑफ बदलला' हे एक वाक्य 'या अत्यंत हुशार संशोधिका आहेत' अशा पानभर स्तुतीपेक्षा वरचढ. सगळ्या पत्रांचे मसुदे एकाच हातचे असतील तर ते दिसतं: तीच वाक्यरचना, तेच तीन गुण, तोच क्रम. एखादं पत्र विद्यापीठाबाहेरचं असू द्या. शालेय जिल्हा, राज्याचा आरोग्य विभाग, बाल रुग्णालयाचा गुणवत्ता विभाग, जे तुमची पद्धत वापरतात किंवा वापरू इच्छितात.

तिसऱ्या निकषावर लोक तज्ज्ञांच्या तुटवड्याचा मुद्दा घेऊन बसतात आणि तो उलटतो. तुटवडा भरून काढण्यासाठीच लेबर सर्टिफिकेशन आहे, मग माफी कशाला, असं उत्तर येतं. ती प्रक्रिया तुमच्या कामाला का बसत नाही, हे सांगणं जास्त फायद्याचं. पर्म (लेबर सर्टिफिकेशनची प्रक्रिया) कायमस्वरूपी पूर्णवेळ नोकरीसाठी असते, पोस्टडॉक तात्पुरतं असतं. नोकरीच्या जाहिरातीत किमान पात्रता मागता येते, एखाद्या विशिष्ट पद्धतीचा शोध लावलेला माणूस मागता येत नाही. काम अनेक संस्थांत पसरलेलं असेल तर कुठल्याही एका मालकाला ते पूर्ण पुरस्कृत करता येत नाही. 'ग्रीन कार्ड मिळालं की मला के-२३ मिळेल' हा मुद्दा इथे घालायचा मोह होतो. त्यातून तुमचा फायदा दिसतो, देशाचा नाही.

भारतीयांसाठी ईबी-१ चा विचार का टाळता येत नाही

एनआयडब्ल्यू मंजूर झाली तरी रांग असतेच. रोजगार-आधारित व्हिसा वर्षाला साधारण १,४०,००० आणि एका देशाला त्यांपैकी सुमारे ७ टक्के. ऑक्टोबर २०२५ च्या व्हिसा बुलेटिनमध्ये भारतासाठी ईबी-२ ची अंतिम तारीख १ एप्रिल २०१३ होती (म्हणजे त्याआधी रांगेत लागलेल्यांनाच ग्रीन कार्ड), त्याहून वरच्या ईबी-१ वर्गाची १५ फेब्रुवारी २०२२. फरक जवळपास नऊ वर्षांचा. म्हणून एनआयडब्ल्यू आधी टाकून प्रायॉरिटी डेट (रांगेतल्या जागेची तारीख) घ्यायची आणि ताकद वाढली की ईबी-१ टाकायचं, हा मार्ग बहुतेकांना परवडतो. ती तारीख नंतरच्या ईबी-१ ला लागू होते, मात्र आधीची पिटिशन मंजूर झालेली हवी. नाकारलेल्या पिटिशनची तारीख हाती राहत नाही. जोडीदाराचा जन्म दुसऱ्या देशात झाला असेल तर त्या देशाच्या रांगेत उभं राहता येतं, हे पुष्कळांना माहीत नसतं.

ईबी-१ए मध्ये (असाधारण क्षमतेचा वर्ग, अर्ज स्वतः करता येतो) दहापैकी तीन निकष आणि मग एकूण गोळाबेरीज. परीक्षण (इतरांचे निबंध तपासणं) आणि शोधनिबंध हे दोन आपल्याकडे सहज येतात. घोडं पेंड खातं ते तिसऱ्यावर, म्हणजे 'क्षेत्रासाठी मोठ्या महत्त्वाचं मौलिक योगदान'. इथे वर सांगितलेला वापराचा पुरावाच कामाला येतो, पत्रं एकटी पुरत नाहीत. व्यावसायिक संघटनेचं साधं सदस्यत्व चालत नाही, वर्गणी भरून ते कुणालाही मिळतं. निवड समितीनं कामगिरी पाहून दिलेलं फेलोपद चालू शकतं, त्यासाठी निवडीचे नियम छापून जोडायचे. जास्त पगाराचा निकष संशोधकांनी सोडूनच द्यावा.

विद्यापीठ तयार असेल तर ईबी-१बी (नामांकित प्राध्यापक आणि संशोधकांचा वर्ग) सोपी: सहापैकी दोन निकष, तीन वर्षांचा अनुभव आणि कायम स्वरूपाचं संशोधनपद किंवा टेन्यूर-ट्रॅक (कायम होण्याच्या वाटेवरचं प्राध्यापकपद). पोस्टडॉकला विद्यापीठं ही पिटिशन सहसा देत नाहीत. सहायक प्राध्यापक म्हणून रुजू होताना, करारावर सही करण्याआधी, हा विषय काढावा. नंतर काढणं अवघड जातं.

कागद, पैसे आणि परत येणारी पाकिटं

स्वतः टाकलेल्या आय-१४० ला (या पिटिशनच्या फॉर्मला) ७१५ डॉलर आणि असायलम प्रोग्राम फी, जी स्वतः अर्ज करणाऱ्याला ३०० डॉलर. दोन्ही वेगवेगळे भरायचे. स्वतः अर्ज करणारा छोट्या मालकात मोडतो, फॉर्मच्या पहिल्या भागातली उत्तरं त्याप्रमाणे नसतील तर ६०० ची मागणी होऊन पाकीट परत येतं. २८ ऑक्टोबर २०२५ पासून कागदी चेक बंद आहेत. कार्डासाठी जी-१४५०, अमेरिकी बँक खात्यासाठी जी-१६५०, प्रत्येक फीसाठी स्वतंत्र फॉर्म. बँकेनं मोठी रक्कम संशयानं अडवली की सगळी फाइल नाकारली जाते, म्हणून बँकेला आधी कळवा. फॉर्मची आवृत्ती आणि फी पाठवण्याच्या दिवशी पुन्हा तपासा.

एनआयडब्ल्यूबरोबर ईटीए-९०८९ चं परिशिष्ट 'ए' आणि सही केलेलं अंतिम निर्धारणाचं पान लागतं. हे राहून जाणं फार सामान्य आहे, कारण लेबर सर्टिफिकेशन माफ म्हणजे त्याचा फॉर्मही माफ, असं वाटतं. भारतातल्या पदव्यांचं मूल्यांकन जोडा, तीन वर्षांची बीए आणि त्यावर दोन वर्षांची एमए असेल तर नक्कीच. पीएचडीचं प्रोव्हिजनल प्रमाणपत्र असेल तर पदवीच्या सर्व अटी कोणत्या तारखेला पूर्ण झाल्या, हे विद्यापीठाकडून लेखी घ्या. इंग्रजी नसलेल्या प्रत्येक कागदाचं प्रमाणित भाषांतर हवं. भाषांतरकारानं आपण दोन्ही भाषा जाणतो आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे असं लिहून सही करायची असते. फाइल स्कॅन होते. तेव्हा बांधणी नको, चिकटपट्ट्या नकोत, एकाच बाजूला छपाई, आणि कागद लेटर आकाराचा. भारतातून पाठवलेली पत्रं ए-४ वर येतात, ती स्कॅन करून लेटरवर छापली की काम होतं.

प्रीमियम प्रोसेसिंगची (जास्त पैसे भरून ठरावीक मुदतीत उत्तर मिळवण्याची) फी १ मार्च २०२६ पासून २,९६५ डॉलर. एनआयडब्ल्यूसाठी मुदत ४५ कामाचे दिवस, म्हणजे नऊ आठवडे, ईबी-१ए आणि ईबी-१बी साठी १५. त्या मुदतीत आरएफई आली तरी यूएससीआयएसनं आपलं काम केलं असं धरलं जातं आणि उत्तरानंतर घड्याळ नव्यानं सुरू होतं. भारतीयांना प्रीमियमनं रांगेत पुढे जाता येत नाही, प्रायॉरिटी डेट तीच राहते. एच-१बी ची सहा वर्षं संपत आली असतील, किंवा जोडीदाराच्या एच-४ वरच्या कामाच्या परवानगीसाठी मंजुरी हवी असेल, तर पैसे वसूल होतात. एरवी ते ईबी-१ साठी राखून ठेवावेत असं माझं मत.

आरएफईला जास्तीत जास्त ८४ दिवस मिळतात, टपालानं आली तर आणखी तीन. मुदतवाढ नाही, आणि उत्तर एकदाच, एकत्रच द्यायचं. तुकड्यांनी पाठवलं तर पहिला तुकडा आल्यावर निर्णय होऊ शकतो. प्रत्येक आक्षेपाचं मूळ वाक्य लिहून त्याखाली उत्तर आणि पुराव्याचा क्रमांक, अशी मांडणी वाचणाऱ्याला सोपी जाते. नकार आला तर अपीलाला ३० दिवस असतात, पण फाइल मुळात कमकुवत असेल तर ती सुधारून नव्यानं टाकणं जास्त शहाणपणाचं. पुन्हा अर्ज करायला बंदी नाही.

जे-१ (एक्सचेंज व्हिजिटर) व्हिसावर आलेल्यांनी आणखी एक गाठ आधीच पाहून ठेवावी. दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असेल तर आय-१४० टाकता येतो, मंजूरही होतो, पण अट पूर्ण किंवा माफ झाल्याशिवाय एच-१बी किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. एनआयडब्ल्यूच्या मंजुरीनं ही अट उठत नाही. नावातल्या 'वेव्हर' या शब्दानं बऱ्याच जणांची फसगत होते. ९ डिसेंबर २०२४ पासून भारत कौशल्य-यादीतून (ज्या देशांना ठरावीक कौशल्यांची गरज आहे म्हणून ही अट लागते, त्यांच्या यादीतून) वगळला गेला, त्यामुळे फक्त त्या यादीमुळे अडकलेले संशोधक मोकळे झाले. सरकारी निधीवर आलेल्यांना आणि जे-१ वर रेसिडेन्सी किंवा बालमानसोपचाराची फेलोशिप केलेल्या डॉक्टरांना अट कायम आहे. डॉक्टरांसाठीच्या कॉनराड-३० माफीत तीन वर्षं रुग्णसेवा करावी लागते. निव्वळ संशोधन करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञासाठी केंद्रीय आरोग्य विभागाची संशोधन-माफी हा योग्य दरवाजा, आणि तो अर्ज तुम्हाला स्वतः करता येत नाही, संस्थेनं करावा लागतो. डॉक्टरांची वेगळी एनआयडब्ल्यू, ज्यात तुटवड्याच्या भागात पाच वर्षं पूर्णवेळ रुग्णसेवा द्यायची असते, ती या लेखातल्या एनआयडब्ल्यूहून निराळी आहे. दोन्हींचे पुरावे एका फाइलीत मिसळू नका.